पुढे पाठवणारा हात

ज्येष्ठ अर्धा सरून गेला तरी पावसाचा मागमूस नव्हता, रायगडावर शिवराज्याभिषेकाचा साडेतीनशेवा सोहळा आदल्याच दिवशी पार पडला होता आणि त्याची छायाचित्रे अजून घरोघरी हातोहात फिरत होती. अशा वेळी, म्हणजे ७ जून २०२३ च्या सकाळी, कोल्हापूरच्या शिवाजी चौकात जो हजारोंचा जमाव उभा राहिला, त्याला तेथे बोलावून आणणारी वस्तू आकाराने तळहाताएवढीही नव्हती. शहरातील काही तरुणांनी, ज्यांत मिसरूडही न फुटलेली अल्पवयीन मुले होती, आपापल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या ‘स्टेटस’ या जागी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्या नावाचा आक्षेपार्ह मजकूर ठेवला होता. सहा तारखेला त्याचा बोभाटा झाला, पोलीस ठाण्यापुढे गर्दी जमली, फिर्याद नोंदली गेली, संशयितांना ताब्यात घेण्यात आले. म्हणजे कायद्याने जे करावयाचे ते करण्यास प्रारंभ झालाच होता. तरीही हिंदुत्ववादी संघटनांनी दुसऱ्या दिवशी बंदची हाक दिली, मनाई हुकूम लागू असताना चौक भरला, जमाव पांगत असता महाद्वार रस्त्याच्या बाजूला आणि आसपासच्या पेठांत दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला, तीसहून अधिक माणसे अटकेत गेली आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करण्यात आले.

त्या दिवसापासून एक हिशेब माझ्या मनातून जात नाही. मजकूर ठेवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, चौकात उभे राहिलेले हजारो. मग या दोन टोकांच्या मधे कोण होते?

स्टेटस म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल अशा वाचकांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सारे मर्म त्यातच आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत ही सोय आजच्या रूपात सुरू झाली. मनुष्य एखादे चित्र, गाण्याची ओळ अथवा चित्रफीत तेथे ठेवतो. ज्यांनी एकमेकांचे क्रमांक आपापल्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवले आहेत अशा परिचितांनाच ती दिसते आणि चोवीस तासांनी आपोआप नाहीशी होते. आपल्या दारापुढील रांगोळीसारखी ती आहे: जो दाराशी येईल त्याने पाहावी, आणि दुसऱ्या सकाळी ती पुसलेली असावी. त्या मुलांनी जे रेखाटले ते वाईट होते, याविषयी मला संदेह नाही. ज्या ताराराणींनी १७०० ते १७०७ अशी सात वर्षे औरंगजेबाच्या अफाट फौजेशी झुंज दिली, त्यांच्याच गादीच्या या नगरीत त्या बादशहाचा गौरव मुद्दाम राज्याभिषेकाच्या सुमारास कोणी मांडावा, यामागे डिवचण्यावाचून दुसरा हेतू संभवत नाही. परंतु ज्यांनी चौक भरला त्यांच्यापैकी शेकडा एकाच्याही मोबाइलमध्ये त्या मुलांचा क्रमांक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्यापर्यंत ते चित्र स्वतःच्या पायांनी आले नाही. परिचितांपैकी कोणीतरी, बहुधा त्याच गल्लीतल्या वा त्याच वर्गातल्या एखाद्याने, त्याचा ‘स्क्रीनशॉट’ घेतला, तो एका गटात टाकला, तेथून तो दुसऱ्या गटात गेला, आणि जो पोरकटपणा एका रात्रीत विरून जाणारा होता त्याला शहराच्या वेशीवर लावलेल्या जाहीरनाम्याचे रूप आले. ज्यांनी हे वाहून नेले ते स्वतःला त्या मजकुराचे शत्रू समजत होते. हा मजकूर किती घृणास्पद आहे हे सर्वांना कळावे, एवढीच त्यांची प्रामाणिक इच्छा असेल. आणि त्या इच्छेनेच तो मजकूर, ज्याने लिहिला त्याला स्वप्नातही साधले नसते इतक्या लोकांपुढे नेऊन ठेवला.

या मधल्या हाताविषयी मला लिहावयाचे आहे. इंटरनेटवरील अतिरेकी विचारांची चर्चा आपण नेहमी लिहिणाऱ्यापासून सुरू करतो आणि दगड मारणाऱ्यापाशी संपवतो, आणि या दोघांमधून जो हजारो पावलांचा मार्ग जातो त्याची मोजणी कोणी करत नाही.

हे सारे पाप नव्या यंत्राच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही, आणि कोल्हापूरकराने तर ते मुळीच करू नये. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी गांधीजींच्या हत्येची वार्ता आकाशवाणीवरून आली, मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळले, आणि पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने, कारखाने पेटले. कोल्हापूर तेव्हा अद्याप संस्थान होते. मुंबई राज्यात ते विलीन व्हावयास वर्षाहून अधिक अवकाश होता. त्या आगीत भालजी पेंढारकरांचा ‘जयप्रभा’ स्टुडिओ जळाला. शिवचरित्राला पडद्यावर आणण्यासाठी ज्यांनी आपली हयात वेचली, त्यांची वास्तू या नगरीच्या जमावाने जाळावी, ही गोष्ट आजही कोल्हापुरातली म्हातारी माणसे खाली मान घालून सांगतात. त्या वेळी गावोगाव एक अफवा फिरत होती: हत्येची बातमी ऐकून अमुक वाड्यात पेढे वाटले. कोणाच्याही हातात तो पेढा नव्हता, कोणी छायाचित्र दाखवले नव्हते, आणि तरीही पेठेमागून पेठ ती अफवा चालत गेली.

म्हणून दोष मुळात आपला आहे, यंत्राच्या आधीपासूनचा आहे, हे प्रथम कबूल करावे आणि मग फरक पाहावा. तोंडाने फिरणाऱ्या अफवेला सांगणारा लागे. सांगणाऱ्याचा चेहरा ऐकणाऱ्यापुढे असे, ‘तुला कोणी सांगितले?’ असे त्याला विचारता येई, आणि सांगता सांगता त्याची जीभ अडखळली तर ऐकणारा ते ओळखे. दवंडी पिटणाराही गावाला माहीत असे आणि कोणाच्या हुकमावरून तो ढोल वाजवतो हेही माहीत असे. आजच्या पाठवणाऱ्याला एक शब्दही उच्चारावा लागत नाही. अंगठा सरकला की काम झाले, आणि झालेल्या कामाची आठवण पाठवणाऱ्याला संध्याकाळपर्यंतही राहत नाही.

माझ्या पिढीने लहानपणी एक पोस्टकार्ड पाहिलेले आहे. कधी संतोषीमातेच्या, कधी तिरुपतीच्या बालाजीच्या नावाने ते येई. हा मजकूर अकरा जणांना लिहून पाठवा, पाठवणाऱ्याला धनलाभ झाला, फाडून टाकणाऱ्याचा मुलगा दगावला, असे त्यात असे. घरातली बाई भीतीने व्याकूळ होई आणि मुलांना बसवून अकरा कार्डे लिहून घेई. त्यासाठी अकरा कार्डांचे पैसे लागत, दुपार मोडे, बोटे दुखत, अकरा पत्ते आठवावे लागत. आणि चौथ्या-पाचव्या कार्डाशी घरातले कोणीतरी वैतागून ‘पुरे झाले’ म्हणे. त्या कष्टातच त्या साथीचा उतार होता. नव्या यंत्राने भीती नवी आणली नाही, त्याने फक्त ती बोटांची वेदना काढून घेतली.

वेदना काढून घेतल्यावर काय होते, हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावाने १ जुलै २०१८ रोजी दाखवून दिले. तो आठवडे बाजाराचा रविवार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याकडचे पाच पुरुष भिक्षा मागत तेथे पोहोचले होते. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. डवर वाजवत, नाथांची गाणी म्हणत, गावोगाव फिरून पोट भरणे हा या भटक्या समाजाचा पिढीजात धर्म आहे, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्याने एकेकाळी त्यांना ओळखले असते. परंतु त्या पावसाळ्याच्या तोंडावर मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश मोबाइलवरून अनेक आठवडे येत होते. त्या पाचांपैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढे निमित्त पुरले. बाजारातल्या लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले आणि तेथेच पाचही जणांना ठेचून मारले. मारणाऱ्यांतील काहींनी त्याचेही चित्रीकरण केले, आणि तेही पुढे पाठवले गेले.

त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या एका मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे त्या मुलाला परत आणून सोडतात आणि मुलगा पळवावयास क्षणही लागत नाही असा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. दुसऱ्या एका फितीत रांगेने ठेवलेली बालकांची प्रेते होती. ती सिरियात २०१३ साली विषारी वायूच्या हल्ल्यात मेलेली मुले होती, आणि त्यांच्या खाली मूत्रपिंडे काढून घेतल्याची कथा जोडलेली होती. मला या प्रकरणात सर्वांत अधिक विदीर्ण करणारी गोष्ट ही वाटते की, राईनपाड्यापर्यंत हे संदेश ज्यांनी पोहोचवले त्यांच्यात द्वेष नव्हता. मामाने भाच्याला, वहिनीने नणंदेला, शिक्षकाने पालकांना ‘पोरं सांभाळा’ म्हणून ते धाडले असणार. मायेचा हात आणि संतापाचा हात, दोघेही सारखेच काम करून गेले, कारण दोघांनीही पाठवण्यापूर्वी पाहिले नाही.

राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲप कंपनीला खडसावले, सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळी रोखण्यासाठी सरकारांना सविस्तर आदेश दिले, आणि कंपनीने काही बदल केले. दुसरीकडून आलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आली, ती २०१९ च्या जानेवारीत जगभर लागू झाली. आणि एप्रिल २०२० पासून, अनेक हातांतून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले. म्हणजे काढून घेतलेल्या वेदनेचा एक लहानसा अंश परत देण्यात आला, आणि तेवढ्यानेही वेग मंदावतो हे कंपनीनेच मान्य केले. परंतु व्हॉट्सॲपवरील मजकूर पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कुलूपबंद असतो. तो वाटेत कंपनीला वाचता येत नाही, सरकारलाही नाही, आणि मला व्यक्तिशः ती मुभा कोणाला मिळू नये असेच वाटते. मात्र याचा अर्थ असा की त्या बंद दाराआड जे चालते त्याला दोनच माणसे साक्षी असतात, देणारा आणि घेणारा.

फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांची गोष्ट निराळी आहे. तेथे तिसरा साक्षीदार आहे आणि तो निष्पक्ष नाही. आपल्यापुढे कोणती चित्रफीत आधी यावी हे तेथे एक गणित ठरवते, आणि त्या गणिताला विचारलेला प्रश्न एकच असतो की मनुष्य कशावर अधिक वेळ थांबेल. फेसबुकने २०१७ पासून काही काळ संतप्त चेहऱ्याच्या खुणेला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले होते, हे कंपनीच्या आतील कागदपत्रांवरून पुढे उघड झाले. ज्या नोंदीने वाचकाला राग येतो ती नोंद अशा रीतीने अधिक लोकांकडे जाई. २०२० साली ते वजन शून्यावर आणण्यात आले. त्याच कागदपत्रांत भारतातील एक प्रयोग नोंदवलेला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत कंपनीच्या एका संशोधकाने केरळात राहणाऱ्या कल्पित व्यक्तीचे खाते उघडले आणि गणित जे जे सुचवील ते ते स्वीकारत जाण्याचे ठरवले. पुलवामाच्या हल्ल्याचे ते दिवस होते. तीन आठवड्यांत ते खाते द्वेष, असत्य आणि प्रेतांच्या चित्रांनी इतके भरून गेले की पाहणाऱ्या संशोधकालाच धक्का बसला. त्या कल्पित माणसाने काही शोधले नव्हते, कोणाचा द्वेष केला नव्हता. तो केवळ समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘हो’ म्हणत गेला होता.

तरीही मधला हात माणसाचाच राहतो, हे मला पुन्हा सांगितले पाहिजे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील तिघा संशोधकांनी ट्विटरवर पसरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्यांचा माग काढून २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की, खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याचा संभव खऱ्या बातमीपेक्षा सत्तर टक्क्यांनी अधिक असतो, आणि या अंतराचे कारण यंत्रमानवी खाती नसून माणसेच आहेत. खोट्यात नवलाई असते आणि नवलाई सांगण्याचा मोह मनुष्याला आवरत नाही. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी एका माथेफिरूने मशिदींत ५१ जणांना ठार केले आणि तो संहार फेसबुकवरून थेट दाखवला, तेव्हा थेट पाहणारे दोनशेहूनही कमी होते. पुढील चोवीस तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या पंधरा लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या किंवा चढवतानाच अडवाव्या लागल्या. दोनशे आणि पंधरा लाख, या दोन आकड्यांमधले अंतर मारेकऱ्याने कापलेले नाही.

मराठीत याची पाळत कोण ठेवते? कंपन्यांची छाननी-यंत्रे प्रथम इंग्रजीत तयार झाली. भारताच्या राज्यघटनेतील बावीस भाषांपैकी केवळ पाचांसाठी आपली यंत्रे शिकवलेली आहेत, असे फेसबुकने २०२१ साली सांगितले होते. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या संशोधकगटाने २०२२ साली पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट माणसांकडून तपासून घेऊन त्यांची चार वर्गांत विभागणी केली: द्वेषाचे, अपमानाचे, निव्वळ शिवराळ आणि निर्दोष. हे काम कंपन्यांनी करावयास हवे होते, ते येथल्या विद्यार्थ्यांनी केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु यंत्रापुढची अडचण किती खोल आहे हे कोल्हापुरात राहणाऱ्याला लगेच कळेल. तालमीच्या कट्ट्यावर जिवलग मित्राला हाक मारताना जो शब्द वापरला जातो तो छापण्याजोगा नसतो, आणि त्यात मायेवाचून काही नसते. उलट ज्या स्टेटसने वणवा लागतो त्यात अनेकदा एकही शिवी नसते, एक जुने चित्र असते आणि मागे गाण्याची चाल असते. यंत्र पहिल्याला पकडील आणि दुसऱ्याला सोडील. या दोहोंतला भेद कळावयास येथली हवा प्यायलेली असावी लागते.

मग कायद्याने हा मधला हात धरावा काय? दोन समाजांत वैर माजवणारा मजकूर ‘प्रसृत करणारा’ हाही गुन्हेगार आहे, हे जुन्या दंडसंहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. परंतु हा अधिकार हाती आला की तो कोणावर चालतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार साध्या ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंतीची खूण केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली, आणि जमावाने एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. त्या प्रकरणातून सुरू झालेल्या विचारमंथनाचा शेवट २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्दबातल ठरवण्यात झाला. अंगठ्याच्या प्रत्येक हालचालीमागे शिपाई उभा करणारे राज्य मला नको आहे. इंटरनेट बंद करण्याचा उपायही असाच दुधारी आहे. १० जानेवारी २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी अनिश्चित काळासाठी घालता येणार नाही आणि तिचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत असे बजावले. आणि ती अल्पकाळ असली तरी अफवेची तार तोडताना ती पोलिसांच्या खुलाशाचीही तार तोडते, भाजीवाल्याचे पैसे अडतात, आणि शहर अंधारात एकमेकांकडे संशयाने पाहत बसते.

२०२३ हे वर्ष महाराष्ट्रात याच जातीच्या घटनांनी भरलेले होते. मे महिन्यात अकोल्यात इन्स्टाग्रामवरील एका मजकुरावरून दंगल होऊन एकाचा बळी गेला. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत पुन्हा तेच घडले आणि तेथेही एक तरुण मारला गेला. अशा वेळी ज्यांच्या शब्दाला वजन असते त्यांनी शब्द जपून वापरावेत, अशी अपेक्षा असते. कोल्हापूरच्या त्या दिवशी राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनीच ‘औरंग्याच्या अवलादी’ हा शब्दप्रयोग केला, आणि मग तो शब्द गावोगावच्या स्टेटसवर चढला. वरून आलेला शब्द पुढे पाठवताना तर कोणालाच भीती वाटत नाही.

या शहरात मतभेद मांडण्याची दुसरी रीत होती. कॉम्रेड गोविंद पानसरे यांनी ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहिली आणि तिच्यातले म्हणणे ते आयुष्यभर गावोगाव उभे राहून सांगत फिरले; ज्याला ते पटत नसे तो समोर उठून विचारी आणि उत्तर ऐके. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतत असता त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्यांच्या मतांशी ज्यांचा कडाक्याचा विरोध होता, अशीही माणसे त्यांच्याशी बोलू शकत होती, कारण ते समोर होते.

समोर असणे हीच या नगरीची जुनी पुंजी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी विद्यार्थ्यांसाठी जी वसतिगृहे उभी केली त्यांत मुस्लिम बोर्डिंग आहे, ते आजही दसरा चौकात उभे आहे. त्यांच्याच दरबारात अल्लादियाखाँसाहेबांनी गायकीचे एक घराणे वाढवले. त्या इतिहासाचा उच्चार आपण सभेत पुष्कळ करतो. मला अधिक आठवतात त्या तालमी. २०१८, २०१९ आणि २०२० या तीन वर्षी मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, आणि बाबूजमालसारख्या तालमीत एकाच छताखाली गणपती आणि पीराचे पंजे बसले. जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला तर मशिदींतच गणपतीची स्थापना झाली. तेथे येणाऱ्या पोरांचे क्रमांकही एकमेकांच्या मोबाइलमध्ये आहेत, ती एकमेकांची स्टेटस पाहतात, आणि काही वेळा ती त्रासदायकही असतात. अशा वेळी चित्र पाहून ते जगाला दाखवावे की ज्याने ठेवले त्याच्या घरी जाऊन ‘हे काढ’ म्हणावे, हा निर्णय पहिल्या पाहणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो घेण्यास दोन मिनिटे पुरतात. ६ जूनला ती दोन मिनिटे कोणाच्यातरी हातात होती.

आमच्या गल्लीचा एक गट आहे. पाण्याची वेळ, कचऱ्याची गाडी, कोणाच्या घरचे निधन, असा मजकूर त्यावर येतो. २०२४ च्या जुलैत विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूर येथे घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली, त्या आठवड्यात एका रात्री त्या गटावर एक चित्रफीत आली: अंधार, आग, आरोळ्या, आणि खाली सर्वांनी जागे व्हावे अशा अर्थाच्या दोन ओळी. काही क्षणांतच संतापाची चिन्हे उमटू लागली. तेवढ्यात गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने, ज्यांनी आमच्यातल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवले आहेत, तीन प्रश्न टाकले: “हे गाव कुठले? हे कधीचे? तुला कुणी दिले, बाळा?” बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. पाठवणाऱ्याच्या नावापुढे तो काहीतरी लिहीत असल्याची खूण दिसे आणि पुन्हा नाहीशी होई. मग ती चित्रफीत गेली, आणि तिच्या जागी संदेश हटवल्याची ती करड्या रंगाची ओळ राहिली. तिच्या खाली, थोड्या वेळाने, बाईंनी लिहिले: “उद्या पाणी सकाळी साडेपाचला आहे.”